आजीच्या चिकटवहीची वाटणी करू नका

पत्र

नमस्कार ताई,

आमच्या चार पिढ्या बडोद्यात, दांडिया बाजारात गेल्या. माझे पणजोबा कादंबरीकार होते. संस्थानच्या शाळाखात्यात नोकरी करता करता मासिकांतून क्रमशः कादंबऱ्या लिहायचे. निवृत्तीनंतर नाशिकला राहिले, १९५१ मध्ये गेले. आज त्यांचं नाव कुणी घेत नाही. त्यांचा नातू, म्हणजे माझे काका, शिल्पकार. इथेच फाइन आर्ट्सला शिकले, मग पुण्यात स्टुडिओ थाटला, २००९ मध्ये गेले. काकांनी पणजोबांचा एक अर्धपुतळाही केला होता, तो पुण्याला चुलतभावाकडे आहे. दोघांबद्दलची कात्रणं, पत्रं, फोटो, निमंत्रणपत्रिका असं सगळं आजीने एका जाड चिकटवहीत लावून ठेवलंय. आजी शेवटपर्यंत माझ्याकडे होती, म्हणून वही माझ्याकडे राहिली.

आता वाडा विकला गेलाय आणि सामान फ्लॅटवर हलवायचंय. चुलतभाऊ म्हणतो, ‘बाबांची पानं काढून मला दे, मी त्यांच्यावर पुस्तक करतोय, पणजोबांची पानं ग्रंथालयाला देऊन टाकू.’ अमेरिकेतला आतेभाऊ म्हणतो, ‘अख्खी वही मीच घेऊन जातो, इकडे नीट स्कॅन होईल.’ आत्या ८४ वर्षांची आहे, वाघोडिया रोडला राहते. वाड्याच्या पैशांवरून आमचं बोलणं बंद आहे. इतकी वर्षं आजीचं सगळं मी केलं, तेव्हा यातलं कुणी फिरकलं नाही, हेही मनात आहेच.

कागद पिवळे पडून तुटताहेत. पणजोबांच्या एका फोटोवर कुणा पोराने पेन्सिलीने रेघा मारल्यात, त्या खोडरबराने पुसू का? आणि कुणाचं मन न दुखवता वाटणी कशी करू? सहा पानांचे फोटो सोबत पाठवते.

— एक वाचक, वडोदरा

उत्तर

नमस्कार,

सगळ्यात आधी खोडरबर बाजूला ठेवा. तो फोटो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. त्या पोराच्या रेघा नाहीत. एक उभी रेघ कपाळाच्या मध्यापासून नाकाच्या दांड्यावरून थेट हनुवटीपर्यंत गेली आहे. तिला छेदणाऱ्या आडव्या रेघा केसांच्या कडेला, भुवयांवर, नाकपुड्यांखाली आणि हनुवटीच्या टोकाला आहेत. कानाच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी बारीक फुल्या आहेत आणि फोटोच्या पांढऱ्या कडेवर आकडे मांडलेत. समोर बसवायला माणूस उरला नसेल तर शिल्पकार फोटोवरून चेहऱ्याची मापं अशीच काढतो. कपाळ किती, नाक किती, ओठापासून हनुवटीपर्यंत किती, हे प्रमाण एकदा हाती आलं की ते हव्या त्या आकारात मातीत उतरवता येतं.

पण समोरून काढलेल्या फोटोत खोली कळत नाही. नाक किती पुढे आलंय, डोक्याचा मागचा भाग किती भरलेला आहे, मान कुठून सुटते, हे पाहायला बाजूने काढलेलं चित्र लागतं. आता तुम्ही पाठवलेलं पाचवं पान पुन्हा उघडा. संमेलनाच्या बिल्ल्याशेजारी जो समूहफोटो आहे, त्यात मागच्या रांगेत एक गृहस्थ शेजाऱ्याशी बोलायला वळलेत आणि त्यांच्या डोक्याभोवती पेन्सिलीचं पुसट वर्तुळ आहे. बिल्ल्यावर १९३४ दिसतं. त्या वर्षी बडोद्याला साहित्य संमेलन भरलं होतं, अध्यक्ष होते ना. गो. चापेकर. वळलेले गृहस्थ तुमचे पणजोबाच असावेत आणि वर्तुळ काकांनी केलेलं असावं, असं मला वाटतं. पुण्याचा अर्धपुतळा या दोन फोटोंवरून घडला असेल, तर ही वही काकांच्या कामाचं साधन होती. चुलतभावाने पुतळ्याची मापं घेऊन फोटोच्या कडेवरच्या आकड्यांशी ताडून पाहिली, तर पाच मिनिटांत खरं-खोटं होईल. वडिलांची हातोटी त्याने जवळून पाहिली आहे, त्यामुळे या बाबतीत माझ्यापेक्षा त्याचा शब्द मोठा.

आता वाटणीचं. वही फाडू नका, सुटी करू नका. मी एवढ्या ठामपणे का म्हणते, ते तुमच्याच पाठवलेल्या तिसऱ्या-चौथ्या पानावरून सांगते. डाव्या पानावर पणजोबांचं नाशिकहून आलेलं १९५० चं कार्ड आहे. अक्षर बारीक आहे, पण लागतं. बडोद्यात चित्र-शिल्पाचं कॉलेज निघतंय असं कानावर आलं, पोराचं मन तिकडे आहे हेही कळलं, पण त्याला त्या नादाला लावू नये, वकिली नाहीतर बँक बघावी, असं ते मुलाला बजावतात. आणि समोरच्या, उजव्या पानावर त्याच पोराने मातीत केलेल्या पहिल्या मस्तकाचा फोटो आहे, खाली वार्षिक प्रदर्शनातल्या बक्षिसाचं प्रमाणपत्र. मध्ये आजीने एक अक्षर लिहिलेलं नाही. फक्त दोन्हीकडे तारखा घातल्यात, एकाच शाईने.

वाटणी झाली की डावं पान ‘कादंबरीकाराचा पत्रव्यवहार’ म्हणून ग्रंथालयात जाईल आणि उजवं पुण्याला. दोन्हीकडे ती नीट सांभाळली जातील यात शंका नाही. पण ज्या आजोबांनी मातीकामाला विरोध केला, त्यांचाच चेहरा पुढे त्या नातवाने मातीत घडवला, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी कुणाला कळणार नाही. ती कार्डात नाही आणि प्रमाणपत्रातही नाही. आजीने ती दोन पानं समोरासमोर लावली, तिथे आहे.

तुमच्या पत्रात पणजोबा आहेत, काका आहेत, त्यांचे वारसही आहेत. आजीचा उल्लेख मात्र वही ‘लावून ठेवणारी’ एवढाच आहे. ती एकाची सून आणि दुसऱ्याची आई होती. सासऱ्याचा शब्द मोडवत नाही आणि मुलाची ओढ डोळ्यांसमोर दिसते, अशा घरात ती वर्षानुवर्षं राहिली. काय ठेवायचं, काय टाकायचं, कशाच्या शेजारी काय लावायचं, हे तिने ठरवलं. मी पाहिलेल्या सहा पानांत तिचं नाव कुठेही नाही. माझ्या लेखी या वहीची कर्ती तीच, आणि वाटणीत सगळ्यात आधी तीच पुसली जाईल. जुनी दप्तरं सांभाळणारी मंडळीही हाच नियम पाळतात: कागद ज्या क्रमाने हाती आले, तो क्रम मोडायचा नाही. कारण कुणी, कधी, कशासाठी ते एकत्र ठेवले, हे त्या क्रमावरूनच कळतं.

चुलतभावाची मागणी मात्र वाईट म्हणून झटकू नका. वडिलांवर पुस्तक करणाऱ्या मुलाला ही पानं लागणारच. त्याला मूळ पानं नकोत, छापता येतील अशी उत्तम छायाचित्रं हवीत, आणि ती देता येतात. त्याला दोन दिवस बडोद्याला बोलवा आणि दोघांनी मिळून वही टिपून घ्या. खिडकीजवळ टेबल ठेवा, थेट ऊन नको, फ्लॅश नको. मोबाइल किंवा कॅमेरा पानाला समांतर धरा. आधी अख्खं पान, मग त्यावरची एकेक वस्तू, घडी घातलेली पत्रं उघडून, पाठपोट. कव्हर आणि कोरी पानंही सोडू नका. प्रत्येक फोटोला पान क्रमांकाचंच नाव द्या, म्हणजे क्रम कायम राहील. झाकणाच्या स्कॅनरवर वही पालथी दाबू नका, शिवण उसवेल. सगळ्या फायलींची एक प्रत तुमच्याकडे, एक पुण्याला, एक अमेरिकेला.

त्याला दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगा. पुस्तकात काकांचं मातीचं मस्तक छापलं तर समोरचं कार्डही छापायचं. आणि चित्रांच्या श्रेयात आजीचं पूर्ण नाव जायला हवं.

कागदाबद्दल विचारलंत. वर्तमानपत्राचा आणि स्वस्त मासिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. उजेडाने आणि हवेने त्यात आम्ल तयार होतं, म्हणून तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. झालेलं नुकसान घरी भरून काढता येत नाही, पुढचं लांबवता येतं. हे आम्ल शेजारच्या फोटोवरही उतरतं. दुसऱ्या पानावरच्या फोटोवर जो तपकिरी चौकोन उमटलाय, तो समोरच्या कात्रणाचाच आहे. जिथे कात्रण आणि फोटो समोरासमोर येतात, तेवढ्याच जागी आम्लरहित पातळ कागद घाला. प्रत्येक पानाआड घातलात तर वही फुगून पाठ फाटेल.

रावपुऱ्यात कुणीही तुम्हाला लॅमिनेशन करून देईल. ते अजिबात करू नका, उष्णतेने आणि प्लॅस्टिकने एकदा बंद झालेला कागद परत सोडवता येत नाही. सेलोटेप सुकून पिवळी पडली असली तरी ओढू नका, खालची अक्षरं घेऊन निघेल. सुरुवातीची पानं आजीने खळीने चिकटवलेली दिसतात. खळीवर कसर आणि झुरळं येतात, तेव्हा महिन्यातून एकदा वही उघडून पाहत जा. डांबरगोळ्या वहीत ठेवू नका. हात स्वच्छ धुऊन कोरडे करा, जवळ फक्त पेन्सिल ठेवा, शाईचं पेन नको.

नव्या घरी वही आडवी ठेवा. खळ काढून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलीत तर उत्तम. स्लॅबखालच्या माळ्यावर उन्हाळ्यात फार तापतं, तिथे नको. तळमजल्याच्या खालच्या कप्प्यातही नको. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि हलवाहलवीत ती ट्रकमध्ये चढवू नका, स्वतःच्या हातात घेऊन जा. सुटलेली पानं तज्ज्ञाकडून सावरून घ्यायची असतील, तर महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. आधी तिथे विचारा, शहराबाहेर जायची गरज पडणार नाही.

मासिकांतल्या कात्रणांकडे विशेष लक्ष द्या. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं. त्यांच्या काळापासून मराठी कादंबरी बऱ्याचदा अशी हप्त्याहप्त्याने वाचकांपर्यंत जात आली. पुस्तक निघताना कधी मजकूर बदलायचा, कित्येकांचं तर पुस्तक निघालंच नाही. तुमच्या पणजोबांची एखादी कादंबरी या कात्रणांतच उरली असण्याची शक्यता आहे. कापताना मासिकाचं नाव आणि महिना गेला असेल तर निराश होऊ नका. जिथे डिंक आपोआप सुटलाय, तिथे कागद हळूच उचलून मागची बाजू पाहा. जाहिरातीवरून, मासिकाने ‘पोच’ म्हणून छापलेल्या नव्या पुस्तकांच्या यादीवरून वर्ष काढता येतं. चिकटलेलं मात्र सोडवू नका.

अमेरिकेच्या बाबतीत स्पष्ट नाही म्हणा. साहित्यिक किंवा ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित कागद ७५ वर्षांहून जुने झाले की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाहीत. या वहीतली पणजोबांची पत्रं त्या वयाची झाली आहेत. आतेभावाचा हेतू चांगलाच आहे, पण सामानात घालून वही नेली तर विमानतळावर त्याचीच अडचण होईल. त्याला मदत करायची असेल तर चांगल्या कॅमेऱ्याचा आणि साठवणुकीचा खर्च त्याने उचलावा.

मालकीचं सांगते, कारण ते तुम्हाला थोडं टोचेल. आजीने मृत्युपत्र केलं नसेल, तर तिच्या वस्तूंवर तिच्या सगळ्या मुला-मुलींचा सारखा हक्क. जी मुलं हयात नाहीत, त्यांच्या जागी त्यांची मुलं. म्हणजे वही तुम्ही सांभाळलीत तरी ती एकट्या तुमची होत नाही. चुलतभावाचीही नाही. आणि आज आजीच्या पोटच्या मुलांपैकी हयात असलेल्या तुमच्या आत्याच दिसतात. त्यांना न विचारता तुम्हा भावंडांपैकी कुणीही काही ठरवू नये, कायद्यानेही नाही आणि रीतीनेही नाही.

छापण्याचा हक्क वेगळा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं तो वारसांकडे राहतो. पणजोबांचं हयातीत छापलेलं लेखन २०१२ पासून कुणालाही छापता येतं, काकांच्या शिल्पांचे हक्क २०६९ अखेरपर्यंत राहतील. पत्रं जी कधीच छापली गेली नाहीत, त्यांचा हिशेब निराळा आहे. लेखकाच्या पश्चात ती पहिल्यांदा छापली जातात, तेव्हापासून ६० वर्षं मोजतात. इतर साहित्यिकांनी पणजोबांना लिहिलेली पत्रं वहीत असतील तर कागद तुमचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या घरचा. पुस्तकात घेण्याआधी त्यांना विचारा.

तर आता आत्या. पैशांवरून जे झालं त्यात कोण बरोबर, ते मला ठाऊक नाही आणि तुम्ही लिहिलंही नाहीत. आजीचं आजारपण तुम्ही एकटीने काढलंत, त्याचं कुणी नाव काढलं नाही, हे दुःख खरं आहे. ते गिळा असं मी म्हणणार नाही. पण त्याची भरपाई म्हणून वही अडवून धरू नका, आणि पैशांच्या बोलण्यात तिला ओढूही नका. आत्या १९५० मध्ये नऊ-दहा वर्षांच्या असतील. नाशिकचं कार्ड आलं तेव्हा घरात काय झालं, तुमच्या आजोबांनी त्याला काय उत्तर लिहिलं, भावाला फाइन आर्ट्सला कुणी पाठवलं, हे पाहिलेलं माणूस आता त्या एकट्याच आहेत. कॉलेज त्याच वर्षी उघडलं होतं. शिल्पविभाग शंखो चौधुरींकडे होता, चित्रविभागात मूळचे इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे होते. एवढं पुस्तकांतून कळतं. पण दांडिया बाजारातल्या एका वाड्यातून एक मुलगा आजोबांचा शब्द ओलांडून तिथे कसा पोचला, ते आत्यांनीच सांगायला हवं.

जाताना वही नेऊ नका, जड आहे आणि चहा सांडायची भीती. आठ-दहा पानांचे मोठे प्रिंट न्या, ज्यांवर त्या पेन्सिलीने खुणा करू शकतील. ‘तुला काय काय आठवतं’ असं विचारलंत तर चार वाक्यांत संपेल. एक फोटो पुढे ठेवा आणि डावीकडून कोण कोण, एवढंच विचारा. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज टिपा. तासाभराहून जास्त बसू नका, परत जा. पैशांचा विषय त्यांनी काढलाच, तर आज त्यासाठी आले नाही, त्यावर वेगळं बसू, एवढंच सांगा. आणि वहीचं पुढे काय करायचं ते त्यांना खरोखर विचारा, ठरवून गेल्यासारखं नको.

माझं मत विचाराल तर आत्या आहेत तोवर वही घरात असावी, तुमच्याकडे किंवा त्यांच्याकडे. पुढे ती अख्खी, एकाच ठिकाणी द्यावी आणि ते ठिकाण बडोद्यातलं असावं. कादंबरीकाराची नोकरी इथली, शिल्पकाराचं शिक्षण इथलं, आजीचा संसार इथला. देताना लेखी घ्या की वही सुटी करणार नाही, घरच्यांना हवी तेव्हा पाहता येईल आणि नोंदीत संकलक म्हणून आजीचं नाव राहील. या अटी मानणारी संस्था मिळेपर्यंत घाई करू नका. इथल्या काही कलावंत-शिक्षकांचे कागद, फोटो, कात्रणं हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने डिजिटाइज करून जगभरच्या अभ्यासकांसाठी खुले केलेत. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, रतन परिमू ही त्यातली नावं. तेव्हा बडोद्यातल्या घराघरांतल्या अशा कागदांना विचारणारं कुणी आहे, हे मनात असू द्या.

वाडा कधी रिकामा करायचाय ते तुम्ही लिहिलं नाहीत. पावसाळ्याच्या आत असेल तर टिपून घ्यायचं काम आधी उरका आणि मगच वही हलवा. कात्रणांच्या मागच्या बाजूवरून मासिकांची नावं हाती लागली तर मला कळवा, ते जुने अंक कुठल्या ग्रंथालयात शोधायचे ते मी लिहून पाठवीन.